अँप्लिफायरचे दोन वाटे

धाकटा भाऊ जेवता जेवता म्हणाला, "दादा, रिसीव्हर नको. प्रीअँप वेगळा घेऊ आणि पॉवर अँप वेगळा घेऊ," आणि माझा घास हातातच राहिला. तो काय बोलला ते नंतर बघू, मुळात तो बोलला! आमचा धाकटा वर्षातून दोनदा बोलायचा, एकदा दिवाळीत आणि एकदा लूमची मोटर जळाली की. असा माणूस भाकरी मोडता मोडता आपण होऊन एवढं लांब वाक्य बोलतो, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि सुरतेत घरोघर व्हीसीडी प्लेअर शिरले होते. कतारगामच्या हिरेवाल्यांनी तर हॉलच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर बसवले होते. खोटं सांगत नाही, त्यांच्यातल्या एकाकडे सिनेमात पाऊस सुरू झाला की त्याची आई गच्चीवरचे पापड काढायला धावायची. आम्ही दोघे भाऊ खानदेशातून आलेले, भाड्याच्या शेडमध्ये आमचं लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं. खातं म्हणजे सुरती बोलीत कारखाना. त्या खडखडाटात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात आणि घरी आली की ओरडून बोलतात. आमच्या घरी कुणी "मीठ दे" म्हटलं की शेजारच्या घरातून मीठ यायचं. अशा घराला होम थिएटर हवं, हे सगळ्यांना मान्य होतं. घर एक, तिजोरी एक, चूल एक. मग थिएटरही एकच.

(घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे ती सगळ्यांना कळावी म्हणून सरळ करून लिहितोय. मायची मात्र तशीच ठेवलीय, कारण मायला सरळ करणं आजवर कुणाला जमलेलं नाही.)

त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघे दुकानात जाऊन आलो होतो. दुकानदार गुजराती, तोंडात साखर आणि डोळ्यांत तराजू. मला तो पहिल्यापासून खटकला, कारण पाणी विचारायच्या आधीच त्याने थंडा मागवला. मागच्या खोलीत जाड पडदे लावून त्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि एक हेलिकॉप्टर सोडलं. ते माझ्या डाव्या कानामागून निघालं, टाळूवरून गेलं आणि टीव्हीत जाऊन उतरलं. मी वाकलो. वाकलो म्हणजे सोफ्याखालीच गेलो. वर आलो तेव्हा माझे केस विस्कटलेले होते, आणि खोलीत पंखा बंद होता.

"जुओ मोटाभाई," दुकानदार म्हणाला, "हा रिसीव्हर. रेडिओ यात, कुठला आवाज कुठल्या स्पीकरला पाठवायचा ते डोकं यात, आणि स्पीकर हलवायचा जोर पण यातच. एक डबा, एक रिमोट. बसा आणि बघा."

मग त्याने दुसऱ्या कोपऱ्यातल्या जोडीवरचं फडकं काढलं. एक डबा पातळ, हलका. दुसरा जाड, उचलायला दोन माणसं लागावीत असा. पातळ तो प्रीअँप. आवाज कमी-जास्त करणं, पुढच्याला किती, मागच्याला किती हे ठरवणं, हे त्याचं काम. जाड तो पॉवर अँप. त्याला डोकं नाही, नुसता जोर. आत जे येईल ते मोठं करून बाहेर टाकायचं.

"हात्तिच्या!" मी म्हणालो, "म्हणजे प्रीअँप मी, आणि पॉवर अँप आमचा धाकटा!"

दुकानदार पोट धरून हसला. धाकटा हसला नाही. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

आणि आता तोच धाकटा जेवणावर बसून वेगळे डबे मागत होता.

"का रे, वेगळे का?" मी विचारलं.

"रिसीव्हरमध्ये एक भाग गेला की अख्खा डबा दुरुस्तीला. वेगळे असले की बिघडेल तेवढाच जातो, दुसरा घरात राहतो. आपल्या जुन्या शेठच्या खात्यात नव्हतं का, एका शाफ्टवर पट्टे लावून सगळे लूम? एक मोटर गेली की सगळे बंद. आता प्रत्येक लूमला स्वतःची मोटर. तसंच."

मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्दा आमच्या घरात आजवर कुणी मांडलेला नव्हता, त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला.

"माय, तू सांग," मी म्हणालो. "एक डबा की दोन?"

"माले काय करनं शे?" माय म्हणाली. "माले ऐकू येवाले पाहिजे, बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहा पुढे ठेवला आणि पदराने ओटा पुसत म्हणाली, "एक डबा असला की वाटता येत नाही. दोन असले की येतात. मी काही म्हणत नाही."

माझी बायको 'मी काही म्हणत नाही' म्हणते, ते पोलिसांनीसुद्धा लिहून घ्यावं. मी कपबशी खाली ठेवली. धाकट्याला वेगळं निघायचंय! म्हणून त्याला वेगळे डबे हवेत!

तुम्ही हसाल. पण आमच्याच गल्लीत दोन भाऊ होते, एका ताटात जेवणारे. चूल वेगळी झाली, आधी येणं-जाणं कमी झालं, मग एकाच्या मुलीच्या हळदीला दुसरा आला नाही, आणि शेवटी एकमेकांसमोरून जाताना दोघे रस्ता न्याहाळत चालायला लागले. वेगळं निघणं मला मान्य नव्हतं असं नाही. भांडी-कुंडी, लूम, जागा, जे हवं ते घेऊन जावं. मला भीती होती ती त्या रस्ता न्याहाळण्याची. धाकट्याला मी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलेलं. तो जर उद्या माझ्यासमोरून मान खाली घालून गेला असता, तर सुरतेतले सगळे लूम एकदम थांबल्यासारखं मला झालं असतं.

मग मी तपास सुरू केला. धाकट्याच्या बायकोने नवा पोळपाट आणला होता. घरात पोळपाट असताना!

"हा कशाला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जुना डुगडुगतो, दादा."

मी जुना पोळपाट जमिनीवर ठेवून तपासला. डुगडुगत होता. म्हणजे पुरावासुद्धा तिने आधीच तयार करून ठेवलेला!

शिवाय धाकटा दर चार-पाच दिवसांनी दुपारी नाहीसा व्हायचा. विचारलं की "सूत बघायला" म्हणायचा. सूत तर टेम्पोने खात्याच्या दारात यायचं. एका दुपारी मी त्याच्या मागे निघालो. तो रिक्षात बसला, मी मागच्या रिक्षात. तो उतरून सुरतेबाहेरच्या कडोदऱ्याच्या जीपमध्ये बसला, मी मागच्या जीपच्या पायरीवर लटकलो. तोंडाला रुमाल बांधला होता, पण माझं पोट बांधायला तेवढा मोठा रुमाल सुरतेत विणला जात नाही.

कडोदऱ्याला उतरून तो नव्या बांधलेल्या घरांच्या ओळीत शिरला. समोर रस्त्यावर उसाची एक ट्रॉली उभी होती, बारडोलीच्या साखर कारखान्याकडे निघालेली, हत्ती लपेल एवढी भरलेली. मी तिच्यामागे दडलो. दडून बसलेल्या माणसाने काहीतरी करायला हवं म्हणून एक ऊस ओढला. गोड निघाला. दुसरा ओढला. तिकडे धाकटा एका रिकाम्या घराच्या दारात उभा राहून भिंत वितीने मोजत होता. एक वीत, दोन वीत... मी दातांनी उसाचं साल काढत विती मोजत होतो, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला.

ट्रॉली गेली. मी राहिलो. भर रस्त्यात, तोंडाला रुमाल, काखेत दोन ऊस.

धाकट्याने वळून पाहिलं. मग म्हणाला, "दादा, गोड आहे का?"

"तू इथे काय करतोस ते आधी सांग!"

"तू कशाला आलास ते तू सांग."

"मी ऊस खायला आलो!"

"सुरतेहून?"

मी रुमाल काढला. त्या रिकाम्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्याने एक ऊस घेतला आणि आतापर्यंतच्या आयुष्यात बोलला नसेल एवढं बोलला. कडोदऱ्याला एका शेठचं मोठं खातं होतं, त्याने धाकट्याला भागीत घेतलं होतं. कामाच्या जवळ घर हवं होतं. सांगणारच होता.

"कधी? सामान टेम्पोत चढल्यावर?"

"तुझ्यासमोर मला बोलायला जागा कुठे मिळते, दादा? मी तोंड उघडायच्या आत तू माझं वाक्य संपवतोस. ते पण चुकीचं."

"मी कधी तुझं..."

"हे बघ. आताच."

मी उसात तोंड घातलं.

"आणि तो रिसीव्हर," तो पुढे म्हणाला, "तू एकच डबा एकच डबा का करतोस ते मला कळत नाही असं समजू नकोस. एक डबा तुझ्या हॉलमध्ये राहणार, रिमोट तुझ्या उशाखाली राहणार, आणि आम्ही कडोदऱ्याला गेल्यावर टीव्हीच्या टिचभर आवाजावर भागवणार. म्हणून तुला एक डबा हवाय!"

बघा! मी त्याच्यावर संशय घेत होतो आणि तो माझ्यावर. एकाच आईची पोरं. मी एवढा चिडलो की उसाचा रस नाकात गेला. पण चिडता चिडता डोक्यात एक गोष्ट चमकली, आणि मी शांत झालो. मी शांत झालेलं पाहून धाकटा घाबरला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. तू म्हणतोस तसंच करू. वेगळे डबे घेऊ."

"का?" त्याने डोळे बारीक केले.

"तुला हवेत म्हणून."

तो परतीच्या जीपमध्ये माझ्याकडे सबंध वाट असा बघत होता, जणू मी त्याचा खिसा कापून पैसे परत ठेवतोय.

रिसीव्हर घेतला असता तर काय झालं असतं ते सांगतो. वाटणीत तो एकाकडे गेला असता. ज्याच्याकडे गेला तो घरी बसून बघत बसला असता, आणि ज्याच्याकडे गेला नाही तो रुसून बसला असता. दोघांनाही एकमेकांकडे जायचं कारण उरलं नसतं. पण प्रीअँप एकाकडे आणि पॉवर अँप दुसऱ्याकडे? मग डोकं एका गावात, जोर दुसऱ्या गावात. भेटल्याशिवाय हूं की चूं नाही!

दुकानदाराने मात्र खोडा घातला. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा म्हणाला, "मोटाभाई, मधला रस्ता आहे. हा दुसरा रिसीव्हर बघा. याच्या पाठीला जास्तीची भोकं आहेत. आज एकटा वाजवा, उद्या वाटलं तर बाहेरून अँप जोडा. बन्ने बाजूनी मजा."

मी त्या भोकांकडे पाहिलं. एकटा वाजणारा, आणि वर जोडूनही घेणारा! असला माणूस मी सोयरिकीलाही पसंत केला नसता. "नको," मी म्हणालो, "मला एकट्याने काहीच करता येणार नाही असं द्या." दुकानदाराने हिशोबाचं यंत्र खाली ठेवलं. तीस वर्षांत असं गिऱ्हाईक त्याला मिळालं नसावं.

वेगळे डबे घरी आले. महिनाभर आम्ही असे सिनेमे बघितले की खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने घर सोडलं आणि वरच्याने तिकीट न काढता ऐकायला मिळतं म्हणून भाडं वाढवून दिलं. धाकटा रोज रात्रीचं जेवण झालं की माझ्याकडे चोरून पाहायचा. मी हसायचो. तो आणखी पाहायचा. बायको म्हणाली, "तुमच्या पोटात काहीतरी आहे."

"ऊस आहे."

"मी काही म्हणत नाही."

मग वाटणीचा दिवस आला. आमच्याकडे वाटणीची रीत अशी की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. पाडणाऱ्याने लबाडी केली तर तीच त्याच्या पदरात पडते. माय मधोमध पाटावर बसली आणि तिने बजावलं, "मोठा वाटा करस, धाकला उचलस. मन्हा सासरानी असंच करेल व्हतं."

भांडी, खाटा, कपाटं सगळं निर्वेध पार पडलं. मग मी हॉलच्या मधोमध दोन ढीग लावले. एका ढिगात प्रीअँप, मधला स्पीकर आणि मागचे दोन. दुसऱ्या ढिगात पॉवर अँप आणि पुढचे दोन मोठे स्पीकर.

धाकटा ढिगांकडे बघत राहिला. "दादा, हे कसले वाटे? यातलं एकटं काहीच वाजणार नाही."

"असं का? मला त्यातलं काय कळतंय!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला कळलं. माझा अंदाज होता की तो जड ढीग उचलेल. वजनदार वाट्यावर कुणाचाही हात आधी जातो. मग प्रीअँप, म्हणजे डोकं, माझ्याकडे राहील, तो जोर घेऊन माझ्याकडे येत राहील, आणि माझं थोरलेपण शाबूत. तो दोन ढिगांभोवती प्रदक्षिणा घालत राहिला. पॉवर अँपला हात लावून बघितला. माझा जीव सुपाएवढा झाला.

"उचल रे भो," माय म्हणाली, "भात थंडा व्हई ऱ्हायना."

त्याने वाकून प्रीअँप उचलला. काखेत मारला आणि जेवायला बसला.

अशी सगळी फजिती. तो कडोदऱ्याला गेला आणि माझ्या हॉलमध्ये तो जाडा, बिनडोक्याचा डबा राहिला. पहिला रविवार आला. मी आंघोळ करून, पुढचे स्पीकर पुसून बसलो. धाकटा आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. बायकोने भजी तळली, आम्हीच खाल्ली.

"येईल की," ती म्हणाली. "नवं घर आहे, कामं असतात."

"त्याने दुसरा अँप घेतला असणार."

"तुम्ही जाऊन बघा मग."

"मी थोरला आहे!"

तिसऱ्या रविवारी माझ्याच्याने राहवलं नाही. व्हीसीडी प्लेअरची वायर मी सरळ पॉवर अँपच्या पाठीत खोचली. मध्ये आवाज आवरणारं डोकं नाही, हे मला माहीत होतं, पण किती वाईट होणार? बटण दाबलं. पुढचं मला नीट आठवत नाही. गणपतीच्या फोटोची काच गेली, शेजारची म्हैस दावं तोडून उधन्याच्या दिशेने गेली, आणि गल्लीतले लोक गॅसचा सिलेंडर फुटला म्हणून बादल्या घेऊन दारात उभे राहिले. मायने आतून विचारलं, "कोन बोलनं?" आयुष्यात पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं असावं.

आणि त्याच दिवशी, लोक बादल्या घेऊन परत जात असताना, धाकटा जिना चढून वर आला. मागे त्याची बायको आणि पोरं, हातात मागचे स्पीकर. त्याच्या काखेत गोधडीत गुंडाळलेला प्रीअँप.

"काय झालं खाली?" तो म्हणाला.

"काही नाही. लोकांना काही कामं नसतात."

त्याने प्रीअँप टेबलावर ठेवला. मी लगेच उलटा करून पाठ तपासली. नव्या डब्याची भोकं कशी चकचकीत असतात, आणि वायर घातली-काढली की कशी त्यांच्यावर ओरखड्यांची चकती उठते, ते मला ठाऊक होतं. आमच्या महिन्याभराच्या खोचण्यात एवढ्या चकत्या उठल्या नव्हत्या. मी त्यावर बोट ठेवलं.

"ह्या कसल्या?"

"शेजाऱ्याकडे व्हीसीडी प्लेअर आहे, आणि टेपचा अँप. त्याला जोडून बघितला."

"चाललं?"

"चाललं. मस्त चाललं. तीन-चार सिनेमे बघितले."

म्हणजे माझा सगळा डाव, ती उसाची ट्रॉली, ते वाटे, सगळं फुकट! शेजाऱ्याच्या एका टेपच्या अँपने मोडून काढलं! मी भडकलो. "मग इथे कशाला आलास एवढं उचलून?"

धाकटा वायरी सोडवत होता. त्याने वर पाहिलंही नाही.

"चाललं, पण आलो ना?" तो म्हणाला.

मला त्याचं वाक्य संपवायचं होतं, पण ते संपलेलं होतं. मी खाली बसून लाल पिन लाल भोकात आणि पांढरी पांढऱ्यात खोचू लागलो. माय आतून येऊन खुर्चीवर बसली, धाकट्याची पोरं तिच्या पायाशी. बायकोने तेल तापत ठेवलं.

"पुढच्या रविवारी मी येतो तिकडे," मी म्हणालो. "अँप घेऊन."

"जड आहे तो, दादा."

"माहितीये."

त्याचे हात थांबले. डोळे बारीक करून तो माझ्याकडे बघू लागला. "का? तिकडे काय बघायचंय तुला?"

"काही नाही," मी म्हणालो. खरंच काही नव्हतं. पण त्याचा काही विश्वास बसला नाही.